घरकुलाच्या हिशेबातली मजुरी



निवाऱ्याच्या प्रश्नावर बोला, असे व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला सुचवले. हा विषय फार मोठा आहे आणि एका संध्याकाळी त्याला हात घालायचा तर कुठला तरी एकच धागा धरावा लागेल. मी घर बांधणाऱ्याच्या मजुरीचा धागा धरणार आहे. घर स्वस्तात उभे करायचे तर मजुरी आवरती घ्यावी लागते, आणि मजुरी नीट द्यायची म्हटली की घर परवडत नाही, असे आपण सगळेच मानून चालतो. सरकारी बैठकीत हे बोलले जाते, पारावरही बोलले जाते आणि खुद्द गवंड्याच्या तोंडूनही ऐकू येते. हे खरे आहे का, ते आपल्या नगर जिल्ह्यातल्या एका साध्या घरकुलाच्या हिशेबावर तपासून पाहू.

इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण, आली. घराचे किमान क्षेत्र ठरले २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. सपाट भागातल्या घराला १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये अनुदान ठरले. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. शिवाय शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. २०१६ साली हे आकडे बरे वाटले होते, कारण त्याआधी सपाट भागात ७० हजारच मिळत. पण तो १ लाख २० हजारांचा आकडा तिथेच थांबला. महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर २०१६-१७ मध्ये दिवसाला १९२ रुपये होता, तो २०२५-२६ मध्ये ३१२ झाला. सिमेंट, लोखंड, विटा यांचे काय झाले ते सांगायला नको. २०२५ मध्ये राज्य सरकारने आपल्याकडून ५० हजारांची भर घातली. त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेसाठी. ही भर स्वागतार्ह आहे आणि तिची गरज कधीचीच होती.

आता हिशेब मांडतो. तो कुणा एका कुटुंबाचा नाही, सध्याच्या भावांवर धरलेला आहे. पाथर्डीत आणि राहात्यात चार पैशांचा फरक पडेल, पण चित्र तेच राहील. विटांच्या भिंती, वर स्लॅब, आत साधी फरशी असे पक्के घर सध्या चौरस फुटाला दीड हजाराच्या आत बसवणे कठीण आहे. म्हणजे २६९ फुटांचे चार लाख. सिमेंटची शंभरेक पोती, ३५ हजार. लोखंड सहा क्विंटलच्या आसपास, ३६ हजार. आठ हजार विटा, ६० हजारांच्या पुढे. वाळू किंवा कच, खडी, डबर, मुरूम मिळून तेवढेच. मग दारे-खिडक्या, फरशी, वायरिंग, नळ, रंग, गाडीभाडे. आणि मजुरी ८० हजार.

या ८० हजारांत काय येते तेही पाहा. गवंड्याचे ४० दिवस, ८०० रुपयांनी ३२ हजार. बिगाऱ्यांचे ७० दिवस. गड्याला पाचशे आणि बाईमाणसाला चारशे हा आपल्याकडचा रिवाज. सरासरी साडेचारशे धरले तर साडेएकतीस हजार. उरलेले साडेसोळा हजार सेंट्रिंगवाल्याचे, स्लॅबच्या टोळीचे आणि फरशीवाल्याचे. चार लाखांच्या घरात मजुरी पाचवा हिस्सा आहे, हे पक्के ध्यानात ठेवा. बाकीचे चार हिस्से गावाबाहेर जातात.

जमेच्या बाजूला १ लाख २० हजार, राज्याचे ३५ हजार, शौचालयाचे १२ हजार आणि ९० दिवसांचे ३१२ रुपयांप्रमाणे २८ हजार ८० रुपये. बेरीज १ लाख ९५ हजार ८०. दोन लाखांना घर थांबते आणि लागतात चार. मधले दोन लाख कुठून येतात, या प्रश्नाभोवतीच माझे आजचे बोलणे फिरणार आहे.

ते दोन लाख मजुरीतून येतात. सगळे नाही, पण जितके काढता येतील तितके मजुरीतूनच काढले जातात, कारण मजुरीच तेवढी दबते. सिमेंटचा दुकानदार पोत्यामागे पन्नास रुपये सोडत नाही. लोखंड उधारीवर दिले तर त्याचा भाव वेगळा लागतो. वीटभट्टीवाला गाडी रिकामी करण्याआधी पैसे मागतो. गवंडी मात्र गावातला किंवा शेजारच्या वाडीतला असतो, ओळखीचा असतो, कधी सोयरा असतो. त्याला म्हणता येते, हप्ता पडला की देतो. मग जोत्याचे पैसे मिळतात, भिंतींचे अर्धे मिळतात, आणि गिलाव्याचे म्हणजे शेवटचे पेमेंट अडकते. गवंड्याचे अडकले की त्याच्याकडच्या बिगाऱ्याचे अडकते. बिगाऱ्यांत सगळ्यात शेवटी ज्यांचे पैसे निघतात त्या बायका असतात, आणि त्यांना आधीच शंभर रुपये कमी धरलेले असतात.

यात घरमालक लबाड आहे असे कुणी समजू नये. तो स्वतः मजूरच आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या पट्ट्यात घरकुल मंजूर झालेली माणसे कोण असतात ते या सभागृहातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. दसरा झाला की कोयता घेऊन निघणारी. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोने मिळून कारखान्याच्या हंगामात ती फेडायची, आणि मार्च-एप्रिलमध्ये परत यायचे. घराचे काम मग भर उन्हाळ्यात निघते. कमी पडलेले पैसे मायक्रोफायनान्सवाल्यांकडून येतात, सावकाराकडून येतात किंवा पुढच्या हंगामाची उचल वाढवून येतात. उचल वाढली की पुढच्या वर्षीचे घाम गाळणे आधीच विकलेले असते. घरकुलाचा जो अर्धा खर्च आपण अंदाजपत्रकात लिहिला नाही, तो कोल्हापूर-सांगलीच्या किंवा कर्नाटकातल्या उसाच्या फडात फेडला जातो, आणि त्या सहा महिन्यांत ते नवे घर कुलूप लावून बंद असते. मागे राहिली तर म्हातारी माणसे राहतात.

उन्हाळ्यात घर बांधण्यात आणखी एक मेख आहे. पाथर्डी तालुक्यात मे महिन्यात प्यायला पाणी टँकरने येते. स्लॅब टाकला की त्याच्यावर आळी करून दहा-बारा दिवस तरी पाणी धरून ठेवावे लागते, भिंतींना सकाळ-संध्याकाळ मारावे लागते. नाही मारले तर तीच महागाची पोती मातीमोल होतात. हे पाणी विकत घेतात, नाहीतर घरातल्या बाया-मुली डोक्यावरून आणतात. त्यांच्या या कामाचा रोज कुठल्याही मस्टरवर नाही.

स्लॅबच्या दिवशीचे काम मी जवळून पाहिले आहे. सकाळी सहालाच मिक्सर सुरू होतो, कारण ऊन चढायच्या आत निम्मे तरी उरकायचे असते. पंचवीस-तीस पोत्यांचा माल. छोट्या घराला लिफ्ट परवडत नाही, म्हणून बांबू-फळ्यांचे पायाड करतात आणि त्यावर दोन टप्प्यांत माणसे उभी राहतात. खालच्या बाईने घमेले उचलायचे, मधल्याने झेलायचे, वरच्याने रिकामे करून खाली टाकायचे. एक घमेले वीस किलोंच्या आसपास असते आणि दुपारपर्यंत एकेका बाईच्या हातून ती शेकड्याने जातात. तिथे मी पाहिले की टोळीच्या रांगेत घराची मालकीणही उभी आहे. ती पहाटे उठून सगळ्यांचा स्वयंपाक करून आली होती, आणि रांगेत उभी राहिली म्हणजे एका बिगाऱ्याचा रोज वाचणार होता. मुकादमाच्या चिटोऱ्यावर तिची हजेरी अर्थातच नव्हती. योजनेच्या भाषेत याला लाभार्थ्याचा सहभाग म्हणतात. माझ्या मते ती न दिलेली मजुरी आहे, आणि तिचा रुपयांत हिशेब लिहिला गेला पाहिजे.

आपल्या जिल्ह्याला श्रमदानाची मोठी परंपरा आहे. राळेगणसिद्धीने आणि हिवरे बाजारने ती देशाला दाखवली, आणि आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीत श्रमदान आले ते या अनुभवातून. तलावाचा गाळ काढायला, माथ्यावर चर खणायला सगळा गाव उतरतो तेव्हा त्या श्रमाचे फळ सगळ्यांना पाण्याच्या रूपाने मिळते. त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ज्याच्याकडे हात सोडून दुसरे काही नाही, त्याच्याच श्रमातून योजनेची तूट भरून काढणे म्हणजे श्रमदान नव्हे. हा भेद आपण ठेवला नाही, आणि त्यामुळे एक चांगली कल्पना चुकीच्या जागी वापरली गेली.

मजुरी किती असावी, हा वाद या जिल्ह्याला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या दक्षिण भागातली माणसे हजारोंनी खडी फोडायला रस्त्यावर बसली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी त्या दुष्काळात रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. संगमनेर तालुक्यातल्या जवळे कडलगचे कॉ. दत्ता देशमुख शिक्षणाने इंजिनिअर होते आणि आयुष्यभर त्यांनी मजुरांचे, दुष्काळाचे आणि पाण्याचे राजकारण केले. काम कसे मोजायचे आणि त्याचे दाम कसे ठरवायचे, हा प्रश्न त्यांच्या पिढीने इथल्या मजुराच्या तोंडी दिला. 

मग मजुरीचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावर राबणाऱ्या मजुरांच्या प्रकरणात १९८२ मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही वेठबिगारी आहे. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने तिला बंदी आहे. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामाच्या प्रकरणात, संजित रॉय यांच्या याचिकेवर, हेच तत्त्व दुष्काळी कामालाही लागू केले. दुष्काळ आहे, आम्ही उपकार म्हणून काम देतो आहोत, तेव्हा दर कमी चालेल, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही.

त्यानंतर २००५ चा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा आला. त्याच्या सहाव्या कलमाने केंद्राला किमान वेतन कायद्याला बाजूला ठेवून वेगळा दर ठरवण्याची मुभा दिली. त्याचा परिणाम घरकुलावर थेट होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतल्या बांधकामावरच्या अकुशल मजुराचा किमान दर मोठ्या शहरांच्या 'अ' क्षेत्रात दिवसाला ७८३ रुपये जाहीर केला. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या घरकुलावरच्या अकुशल दिवसाचा दर केंद्राच्याच ग्रामविकास मंत्रालयाने २९७ रुपये धरला. शहर आणि खेडे यांत फरक असतो हे मान्य. पण बांधकाम तेच, घमेले तेच, आणि दोन मंत्रालयांच्या दरांत अडीच पटींहून जास्त अंतर. पाथर्डीत ३१२ रुपयांत कुणीही बिगारी येत नाही, हे ग्रामरोजगार सेवकाला ठाऊक असते, गटविकास अधिकाऱ्याला ठाऊक असते. म्हणून मस्टर लाभार्थ्याच्या कुटुंबाच्या नावाने भरले जाते आणि खरे काम बाजारभावाने दुसरेच कुणी करतात. मिळणाऱ्या २८ हजारांतून ८० हजारांची मजुरी भागवायची, असे हे गणित आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. समजा आपण ठरवले की बाईला आणि गड्याला सारखा रोज द्यायचा, आणि तो ६०० रुपये द्यायचा. बिगाऱ्यांचे ७० दिवस, दिवसामागे दीडशे रुपये वाढ. १० हजार ५०० रुपये झाले. चार लाखांच्या घरात हे पावणेतीन टक्केही नाहीत. नुसता बाई-पुरुषांतला फरक मिटवायचा, पाचशे-पाचशे द्यायचे, तर निम्मे दिवस बायकांचे धरून साडेतीन हजार लागतात. चार लाखांत एक टक्कासुद्धा नाही. समान काम, समान वेतन हा कायदा १९७६ सालीच झाला, आणि साडेतीन हजार रुपयांसाठी ते तत्त्व प्रत्येक घरकुलावर मोडले जाते.

या साडेदहा हजारांशेजारी दुसरे काही आकडे ठेवून पाहा. सिमेंटवर २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो १८ टक्के झाला. लोखंडावर १८ टक्के आहेच. आपल्या घराच्या शंभर पोत्यांवर आणि सहा क्विंटल लोखंडावर मिळून जुन्या दराने तेरा हजारांच्या घरात कर जात होता, आता दहा हजारांवर जातो. शौचालयासाठी एका हाताने १२ हजार द्यायचे आणि सिमेंट-लोखंडावर दुसऱ्या हाताने जवळपास तेवढेच घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. घरकुलापुरता हा कर परत केला, तर बिगाऱ्याची वाढीव मजुरी त्यातून निघते. घर एका रुपयाने महाग होत नाही.

हप्त्यांचे घ्या. पहिला हप्ता १५ हजारांचा. त्यात पाया खणून जोते भरत नाही, हे कुणीही सांगेल. जोते झाल्याशिवाय त्याचा फोटो पोर्टलवर चढत नाही आणि फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता पडत नाही. म्हणून लाभार्थी शेकड्याला तीन रुपयांनी लाखभर उचलतो. हप्ता चार महिने लांबला की १२ हजार रुपये व्याज. कुठल्याही विटेत नसलेले, कुठल्याही मजुराला न मिळालेले १२ हजार. वाळूचेही तसेच. वाळू डेपोचे धोरण २०२३ मध्ये आले ते आपल्याच जिल्ह्यातून, श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावपासून, ६०० रुपये ब्रासचा दर जाहीर करून. पुढे २०२५ च्या धोरणात घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत झाली. ती दारात वेळेवर आणि वाहतुकीसह पडली, तर बिगाऱ्याची वाढ भागून वर पैसे उरतील. नाही पडली की माणूस चोरट्या वाळूच्या भावाला शरण जातो.

मजुरी वाढली की घर महाग होते, हे अंकगणित म्हणून खरेच आहे. मी ते नाकारत नाही. पण किती महाग होते हे मोजले, तर तेवढी रक्कम कर, व्याज आणि वाळू या तिन्ही ठिकाणी वेगवेगळी सापडते. आपण तिथे हात घालत नाही, कारण तिथे हात घालायला ताकद लागते, आणि चारशे रुपयांच्या बाईला गप्प बसवायला लागत नाही.

वास्तुरचनेतूनही मार्ग निघतो. लॉरी बेकर हे मूळचे बर्मिंगहॅमचे वास्तुविशारद केरळात स्थायिक झाले. २००७ साली ते तिरुवनंतपुरममध्ये वारले. गरिबाच्या घरात बाजारातला माल कमी घालायचा आणि कारागिराचे कसब जास्त, या रीतीने त्यांनी आयुष्यभर घरे बांधली. त्यांनी रुळवलेल्या एका पद्धतीत विटा पडत्या न लावता उभ्या लावतात, मधे पोकळी राहते. भिंतीची जाडी तीच, विटा सुमारे पावपट कमी, चुना-सिमेंटही कमी, आणि पोकळीमुळे घर उन्हाळ्यात थंड. आपल्या आठ हजार विटांतल्या दोन हजार वाचल्या तर पंधरा-सोळा हजार रुपये झाले. मात्र ही भिंत ओळंबा-गुण्या नीट सांभाळणाऱ्या गवंड्याच्याच हातची हवी; तिला वेळही थोडा जास्त लागतो. म्हणजे पैसा विटेतून निघून गवंड्याच्या रोजात जातो. मला हे धोरण म्हणून फार महत्त्वाचे वाटते. घरात मजुरीचा वाटा पाचवा आहे, तो रचना बदलून चौथा किंवा तिसरा करता आला, तर घर न महागता मजुराला जास्त मिळेल आणि तो पैसा गावच्या बाजारात फिरेल.

आपल्या जिल्ह्यात तर दगडकामाचे कसब पिढ्यांपिढ्यांचे आहे. वडार समाजाची माणसे काळ्या पाषाणाला अशी टाकी लावत की सांध्यात नख जाऊ नये. पांढऱ्या मातीची धाब्याची घरे बांधणारी, जुन्या वाड्यांचे कडीपाट बसवणारी माणसे पूर्वेकडच्या तालुक्यांत परवापरवापर्यंत होती. घरकुलाच्या नकाशात त्यांना जागा नाही, कारण फोटोत दिसायला स्लॅब आणि विटा हव्या असतात. केंद्राने प्रदेशाप्रदेशांतल्या साहित्याला धरून घरांच्या रचनांचे 'पहल' नावाचे संकलन काढले आहे आणि योजनेत ४५ दिवसांचे ग्रामीण गवंडी प्रशिक्षणही आहे. झारखंडात शौचालयांच्या कामातून 'राणी मिस्त्री' तयार झाल्या, घमेले टाकून बायकांनी थापी हातात घेतली. आपल्याकडे चारशे रुपयांवर राबणारी बाई गवंडी झाली तर तिचा रोज दुप्पट होतो. त्यासाठी नवी योजना नको, आहे त्या प्रशिक्षणात तिचे नाव घालायला हवे.

कायद्याबद्दलही सांगायला हवे, कारण घरकुलावर राबणारा मजूर कायद्याला दिसतच नाही. १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला, बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर बसला, आणि त्यातून राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे हजारो कोटी जमले. पण स्वतःच्या राहण्यासाठी १० लाखांच्या आतले घर बांधणारा माणूस त्या कायद्याने मालक म्हणून धरलाच नाही. हे बरोबरच होते. गरिबाकडून उपकर कशाला घ्यायचा? चूक अशी झाली की मालकाला सूट देताना मजूरही सुटला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने स्वतःच्या घराची ही मर्यादा ५० लाखांवर नेली आहे. म्हणजे आता नगर शहरातल्या सावेडीतल्या चांगल्या बंगल्यावरचा मजूरही त्याच अंधारात गेला. ही वाढ मागे घ्यावी, अशी मागणी इथून जायला हवी असे मला वाटते.

मंडळाकडे नोंदणी करायला वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या मजुराला ठेकेदार तो देत नाही, आणि ग्रामसेवक खोट्या दाखल्यांच्या भीतीने कचरतात. त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. पण घरकुलाच्या कामात प्रत्येक टप्प्याचा फोटो तारखेसह सरकारच्याच पोर्टलवर असतो. त्या कामावरच्या गवंड्याचे आणि बिगाऱ्यांचे नाव तिथेच नोंदवले, तर दाखल्याचा पुरावा आपोआप तयार होतो. दोन-तीन घरकुले बांधणाऱ्या गवंड्याचे ९० दिवस सहज भरतात. मग अपघात विमा, मुलांची शिष्यवृत्ती, आणि मंडळाचीच घरासाठीची मदत त्याच्यापर्यंत पोचू शकते. दुसऱ्याचे घरकुल बांधणाऱ्याचे स्वतःचे घर पत्र्याचे असते, हे आपण रोज पाहतो.

मजुरांनी एकत्र येऊन दर ठरवून घेतल्याची उदाहरणे महाराष्ट्रात कमी नाहीत. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालाच्या प्रत्येक हमालीवर लेव्ही बसवली आणि पोते उचलणाऱ्या माणसाला भविष्य निर्वाह निधी मिळवून दिला. ऊसतोडणीच्या दरात जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, आणि त्यासाठी कारखानदार, संघटना आणि दोन्हीकडचे नेते एका टेबलाशी बसले. कारखाने त्याने बंद पडले नाहीत. घरकुलावरच्या बिगाऱ्याला मात्र बसायला टेबलच नाही. घरकुलात ठेकेदाराला मनाई आहे, लाभार्थ्याने स्वतः घर बांधायचे असते. त्यामुळे मजुराने बोलायचे कुणाशी, तर आपल्याइतक्याच गरीब शेजाऱ्याशी. खरा मालक सरकार आहे आणि ते या व्यवहारात पक्षकार म्हणून कुठेच दिसत नाही.

सहकाराच्या या जिल्ह्यात मजूर सहकारी संस्थांनी ही जागा घ्यायला हवी होती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला जे उभे केले ते जगाने पाहिले. मजूर संस्थांसाठी सरकारी कामांचा ३३ टक्के वाटा राखून ठेवला गेला, पण अनेक संस्थांत सभासदांच्या यादीत मजूर शोधावा लागतो. या संस्था पुन्हा खऱ्या मजुरांच्या करणे सोपे नाही, मी त्याबद्दल भाबडी आशा दाखवणार नाही. पण चार-पाच गवंडी, दहा-बारा बिगारी, त्यांत निम्म्या बायका असा गट एका गावातली वीस घरकुले घेऊ शकतो. विटा एकदम घेतल्या की भाव पडतो, सेंट्रिंगचे सामान एका घरावरून दुसऱ्यावर फिरते. बचत गट चालवणाऱ्या बायकांना हा हिशेब शिकवावा लागणार नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्रातल्या २० लाख घरकुलांच्या मंजुरीपत्रांचा कार्यक्रम झाला. घरामागे ८० हजारांची मजुरी धरली तर हे १६ हजार कोटी रुपये होतात. खेड्यांतल्या मजुरासाठी ही लहान रक्कम नाही. ती पुरी जाते, अर्धी जाते की अडकते, यावर पुढची दहा वर्षे इथल्या घराघरांतले पोषण आणि मुलींचे शिक्षण अवलंबून राहील. म्हणून माझी मागणी अगदी थेट आहे. घरकुलाच्या अनुदानात मजुरीचा हिस्सा वेगळा काढा आणि राज्याच्या किमान वेतनाला जोडा. दर सहा महिन्यांनी महागाई भत्ता बदलतो तसा तो बदलू द्या. जोते, भिंती, स्लॅब, गिलावा या प्रत्येक टप्प्याला तेवढी रक्कम गवंड्याच्या आणि बिगाऱ्यांच्या खात्यावर सरळ जमा करा, मधे लाभार्थ्याला अडकवू नका. त्याने लाभार्थ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरेल आणि दोन गरिबांतले भांडणही मिटेल.

हे दिल्ली-मुंबईत ठरायला वेळ लागेल. तोवर जिल्हा परिषदेच्या हातात जे आहे ते करता येईल. कोयते गावाबाहेर पडण्याआधी, सप्टेंबरातच, पूर्ण झालेल्या कामांचे राहिलेले हप्ते काढता येतील. पहिल्या हप्त्याआधी वाळूचा पास देता येईल. ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचतात तेव्हा त्या वर्षीचा बाई-गड्याचा सारखा रोज ठरावाने जाहीर करता येईल. घराच्या भिंतीवर योजनेचे नाव आणि रक्कम रंगवतात, त्याखाली तो दर आणि ज्या गवंड्याने घर बांधले त्याचे नाव लिहायला परवानगी कुणाची लागत नाही. या सभागृहात सरपंच आहेत, अभियंते आहेत, काही ग्रामसेवकही बसलेले दिसतात.  हा विषय पुढच्या ग्रामसभेच्या अजेंड्यावर घ्या.